बुडालेल्याची मर्जी

खेळ त्या घरात आला तेव्हाच त्यातलं निम्मं सामान गायब होतं. बाबांनी तो जुन्या वस्तूंच्या दुकानातून उचलला होता. खोक्याचे कोपरे फाटलेले, लाकडी घरं जेमतेम पुरतील इतकी, सोंगट्यांमधला एक धातूचा कुत्रा तेवढा शिल्लक, आणि नियमांचा कागद तर नावालाही नाही. "नियम कशाला हवेत?" बाबा म्हणाले. "फासे टाकायचे, जागा विकत घ्यायची, तिच्यावर घर बांधायचं, दुसरा येऊन टेकला की त्याच्याकडून भाडं उकळायचं. झालं." बाबा जन्मभर भाड्याच्या घरात राहिलेले, त्यामुळे विषय त्यांच्या चांगलाच अंगवळणी पडलेला होता.

तरी पहिल्याच डावात घोडं अडलं. आई बुडाली. आई खेळायला बसली की बुडणारच. ती जागा घ्यायची ती नाव आवडलं म्हणून, घर बांधायचं तिच्या जिवावर यायचं, आणि तिच्या जागेवर कुणी येऊन बसलं तर भाडं मागायचं राहून जायचं. नोटा संपल्या, पण तिच्यापुढे जागांची पाच-सहा कार्डं उरली होती. त्यांचं करायचं काय? बाबा बँक होते. ते म्हणाले, "बँकेत जमा."

तेव्हा थोरली उठून उभी राहिली. थोरली तेव्हा चौथीत होती आणि धाकटी अजून अक्षर अक्षर जोडून वाचत होती. "बँकेत नाही," थोरली म्हणाली. "जो बुडेल त्यानं सांगायचं, कार्डं कुणाला द्यायची ते. अजून खेळतंय त्या कुणालाही. त्याची मर्जी."

सगळ्यांना नियम आवडला. बाबांनी तर पाठ थोपटली. आता इतक्या लहान वयात हे औदार्य आलं कुठून, असं कुणाला वाटलं असेल तर वाटू दे. औदार्य वगैरे काही नव्हतं. आई कार्डं आपल्यालाच देणार याची थोरलीला पक्की खात्री होती, आणि ते सगळ्यांसमोर व्हावं एवढीच तिची इच्छा होती. पाढे कुणाचे पाठ होते? न सांगता ताटं कोण पुसून ठेवायचं? आईचं डोकं दुखलं की दिवा कोण मालवायचं? आईने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि सगळी कार्डं उचलून धाकटीपुढे ठेवली.

"लहान आहे गं ती," आई म्हणाली.

धाकटीने कार्डं पोटाशी धरली आणि जीभ काढून दाखवली. थोरलीने तो डाव जिंकला. पुढचाही जिंकला. पण त्या दिवशीचं ते शल्य काही नंतर पुरतं गेलं नाही.

लहान आहे, हे कारण किती वर्षं चालावं? धाकटी वाढली, शिकली, दातांची डॉक्टर झाली, लोक तिच्यापुढे आ वासून बसू लागले. थोरलीने पुस्तकं बांधायचं काम धरलं आणि शाळेमागच्या गल्लीत बाइंडिंगचं दुकान थाटलं. खेळ मात्र चालूच राहिला. रविवारी दुपारी जेवणं झाली की टेबल पुसायचं, पट उघडायचा, आणि बाबांनी नोटांच्या चळती लावायच्या. थोरलीची सोंगटी म्हणजे शिवणाचं अंगुस्तान, आईचं कोटाचं मोठं बटण. धातूचा कुत्रा पहिल्या दिवसापासून धाकटीचा. तो तिला कुणी दिला, केव्हा दिला, हे थोरलीला अजून लख्ख आठवतं. आईनेच दिला होता.

आणि दर रविवारी आई बुडायची. दर रविवारी बाबा विचारायचे, "बोला, काय मर्जी?" आणि आई दर रविवारी नव्याने विचार करतेय असं दाखवायची, क्षणभर थोरलीकडेही बघायची, मग कार्डं धाकटीकडे जायची. त्या क्षणभराचाच थोरलीला सगळ्यात जास्त राग यायचा. सरळ द्यायची होती तर सरळ द्यावी ना. मध्ये आशा कशाला दाखवायची?

लोकांना वाटायचं, ही इतकी जीव तोडून खेळते ती जिंकायच्या हौसेपायी. जिंकणं तिला सोपं होतं. पटावरची कुठली रांग घेतली की कोण कितव्या फेरीला फसतं, हे तिच्या बोटांवर होतं. नारिंगी जागांवर लोक तुरुंगातून सुटल्या सुटल्या येऊन पडतात, म्हणून ती नारिंगी जागा कधी सोडायची नाही. टेकडी रस्त्याचं नाव मोठं असलं तरी तिथे फारसं कुणी फिरकत नाही, म्हणून थोरली तो खुशाल धाकटीला घेऊ द्यायची. संध्याकाळी सगळा पट तिचा असायचा, आणि घरी जाताना तिच्या डोक्यात असायची ती फक्त आईची सहा-सात मळकी कार्डं, जी दुसरीकडे गेली. अशाने माणूस जिंकून काय जिंकतो?

दोन वर्षांपूर्वी पटाची घडी फाटली. पट मधोमध दुभंगला, आणि धाकटी म्हणाली नवा खेळ आणू. थोरलीने ऐकलं नाही. तिने पट दुकानात नेला, जुनं कापड भिजवून हळूहळू सोलून काढलं, पुठ्ठ्याच्या कडा घासून साफ केल्या. घडीत किती फट सोडायची यातच सगळी मेख असते. कमी सोडली तर पट मिटताना कापड ताणतं, जास्त सोडली तर पट टेबलावर सपाट बसत नाही. तिने गडद हिरवं कापड निवडलं, खळ लावली, हाडाच्या पट्टीने दाबून दाबून ते खाचेत बसवलं आणि पट प्रेसमध्ये घट्ट आवळून ठेवला. गिऱ्हाइकांची कामं तुंबली, तरी तिने घाई केली नाही. रविवारी पट टेबलावर असा उलगडला की जणू तो कधी फाटलाच नव्हता.

आईने घडीवरून हात फिरवला. "किती छान केलंस गं," ती म्हणाली, आणि थोरलीच्या छातीत ऊब पसरते न पसरते तोच पुढे म्हणाली, "आता धाकटीला पट उघडताना त्रास नाही व्हायचा. तिचीच बोटं अडकायची नेहमी."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी आईपाठोपाठ तिने धाकटीला इतक्या लवकर बुडवलं की बाबांनी बँकेच्या वतीने चिंता व्यक्त केली.

पुढे धाकटीने लग्न केलं आणि टेबलाशी एक खुर्ची वाढली. धाकटीचा नवरा शाळेत इतिहास शिकवायचा. घरात सगळे त्याला मास्तर म्हणायचे. मास्तर मनाने चांगला होता, आणि थोरलीला तो आवडलाही असता, पण त्याला सगळ्यातलं सगळं माहीत असायचं आणि ते तो सांगितल्याशिवाय राहायचा नाही. सोंगटी म्हणून त्याने खिशातला खडूचा तुकडा ठेवला, आणि तो जिथे जिथे जाई तिथे तिथे पटावर पांढरा डाग पडे. थोरली तो डाग लगेच ओल्या फडक्याने पुसायची.

पहिल्याच रविवारी मास्तर म्हणाला, "तुम्हाला माहीत आहे का, हा खेळ मुळात एका बाईने काढला?"

"हो का?" आई म्हणाली.

"हो ना. जमिनी मोजक्या लोकांच्या हातात गेल्या की बाकीचे कसे कंगाल होतात, हे लोकांना कळावं म्हणून काढला. त्यात एक नियम असाही होता की कुणाची भरभराट झाली की सगळ्यांनाच थोडं थोडं मिळायचं. मग तो खेळ घरोघर गेला, लोकांनी आपापल्या गावांची नावं घातली, आपापले नियम घातले. आणि पुढे कुणीतरी दुसराच तो आपला म्हणून विकून मोकळा झाला. पैसा त्याला, नाव त्याला. बाईच्या हातात जवळजवळ काही नाही."

"बिचारी," धाकटी म्हणाली आणि फासे टाकले.

थोरलीला ती बाई एकदम आपल्या नात्यातली वाटली. बाईने पुढे काय केलं असेल? दुकानाच्या काचेतून तो खेळ बघितला असेल का? कुणाच्या घरी गेली असताना ती माणसं खेळत बसलेली दिसली असतील का? काय वाटलं असेल तिला? विचारावंसं वाटत होतं, पण मास्तरला विचारलं की तो तास घेणार, म्हणून ती खडूचा डाग पुसत राहिली.

मग मास्तर म्हणाला, "पण तुमच्याकडचा मर्जीचा नियम मी कुठेच ऐकला नाही. हा कुणी काढला?"

"आम्हीच. लहानपणी," धाकटी म्हणाली.

आम्ही! धाकटीला तेव्हा धड वाचताही येत नव्हतं, आणि आम्ही! थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिने बाबांकडे पाहिलं. बाबांना तर सगळं आठवत असणार. पण बाबा नोटा सारख्या करत होते, आणि बँक वादात पडत नाही, असं त्यांनी फार पूर्वीच जाहीर करून टाकलेलं होतं.

त्याच डावात आई बुडाली. बाबांनी मर्जी विचारली. आईने थोरलीकडे पाहिलं, धाकटीकडे पाहिलं, मग सगळी कार्डं उचलून मास्तरच्या हातात दिली.

"नवीन आहेत ते," आई म्हणाली.

धाकटी खो खो हसली. मास्तर संकोचाने लाल झाला, म्हणाला, "अहो आई, मला कशाला?" बाबाही हसले. थोरलीला हसू आलं नाही. धाकटीचं एक वेळ समजण्यासारखं होतं. ती पोटची पोर. हा परवा आलेला माणूस! याने पटावर डाग पाडण्यापलीकडे काय केलं होतं? तिने वर्षानुवर्षं वाट पाहायची, पट बांधून द्यायचा, डाग पुसायचे, आणि याला खुर्चीवर टेकायचा अवकाश की हातात कार्डं!

त्या आठवड्यात तिचं कामात लक्ष लागलं नाही. एका गिऱ्हाइकाचं पुस्तक तिने उलटं बांधलं, कव्हर सरळ आणि आतली पानं डोक्यावर उभी. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पुस्तक सोडवून पुन्हा शिवताना ती स्वतःशी म्हणाली, पुरे झालं. एक तर खेळणं बंद करायचं, नाही तर आईला विचारायचं. बंद करायचं तर रविवारी जायचं नाही, आणि ती गेली नाही तर चौघं मजेत खेळत बसणार. ते तर मुळीच सहन झालं नसतं. म्हणून तिने विचारायचं ठरवलं.

शनिवारी ती आईकडे गेली. आई गच्चीत वाळलेल्या चादरी काढत होती. दोघींनी एकेक टोक धरलं, चादर झटकली आणि घडी घालायला जवळ आल्या.

"आई, एक विचारू?"

"विचार ना."

"तू मला कधीच कार्डं का देत नाहीस?"

आईला आधी कळेचना. "कसली कार्डं?"

"रविवारची. खेळातली. लहान होते तेव्हापासून एकदाही दिली नाहीस. परवा तर मास्तरांना दिलीस."

आई हसली. मग थोरलीचा चेहरा बघून तिचं हसू मावळलं. "अगं, एवढ्याशा गोष्टीचं मनाला लावून घेतलंस?"

"एवढीशी असेल तुझ्यासाठी."

आईने चादरीची टोकं जुळवली, आणि बोलली ती अगदी साध्या आवाजात, भाजी कुठली करू म्हणून विचारावं तशी. "हे बघ, तुझ्याकडे असतातच की. ढीग असतो तुझ्यापुढे. ज्याच्याकडे कमी असतील त्याला द्यायची, दुसरं काय? धाकटीला खेळता येत नाही, ती हरायला आलेली असते. मास्तर तर पहिल्याच दिवशी उघडे पडले होते. तुला कशाला द्यायची? तू जिंकतेसच."

"म्हणजे तुला ती जास्त आवडते म्हणून नाही?"

"वेडी आहेस का? यात आवडीनिवडीचा काय संबंध? दुसरी चादर घे."

थोरलीने दुसरी चादर घेतली. तिला बरं वाटायला हवं होतं, आणि थोडा वेळ वाटलंही. पण जिना उतरेपर्यंत निराळाच जळफळाट सुरू झाला. म्हणजे इतकी वर्षं ती जिंकत होती ती आईपासून लांब जाण्यासाठीच? धाकटी गलथानपणे खेळायची, वाट्टेल तिथे पैसे उधळायची, आणि त्याचं तिला बक्षीस मिळायचं? हे तर आवडीनिवडीपेक्षाही वाईट झालं. आवड असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

रस्ता ओलांडेपर्यंत तिचं ठरलं होतं. ज्याच्याकडे कमी असेल त्याला मिळतं ना? मग या रविवारी सगळ्यात कमी तिच्याकडे असणार.

हरायचं म्हटलं तर त्यालाही अंगात कसब लागतं, आणि ते थोरलीच्या अंगात नव्हतं. नको असलेल्या जागेवर अंगुस्तान टेकलं की हात आपोआप नोटांकडे जाई, तो तिला मागे घ्यावा लागे. नारिंगी जागा पहिल्याच फेऱ्यांत तिच्या हाती लागल्या. त्यांतली एक तिने मास्तरला इतक्या स्वस्तात देऊ केली की मास्तरने कार्ड उलटंपालटं करून पाहिलं.

"ताई, यात काही फसवणूक नाही ना?"

"घ्यायची तर घ्या."

"घेतो, घेतो."

"ताई, तुला बरं नाही का?" धाकटीने विचारलं.

"मला काय धाड भरलीय?"

तिने घरं बांधली नाहीत. भाडं मागायची ती मुद्दाम विसरली, आई विसरते तसं. हळूहळू तिची चळत उतरत गेली. हिशेब असा होता की अगदी काठावर यायचं, नोटा संपत आलेल्या, कार्डं चार-दोनच, आणि तेवढ्यात आई बुडेल, तिच्याकडे बघेल, आणि या खेपेला ते बघणं फुकट जाणार नाही.

पण आई बुडायलाच तयार नव्हती. त्या दिवशी आईचे फासे असे पडत होते की बाबांनीही भुवया उंचावल्या. नशिबाच्या पत्त्यांमधून तिला बक्षिसं निघाली. तुरुंगात गेली ती नेमकी सगळ्यांची हॉटेलं उभी राहत असताना, आणि मजेत बसून राहिली. "बरं आहे गं इथे," ती म्हणाली. "भाडं नाही, काही नाही." एरवी थोरली हसली असती. आता ती दात आवळून फासे टाकत होती. फासे पडले, तिने अंगुस्तान मोजत मोजत पुढे नेलं आणि ते टेकडी रस्त्यावर जाऊन थांबलं. ज्याच्याकडे फारसं कुणी फिरकत नाही, त्या टेकडी रस्त्यावर धाकटीचं हॉटेल होतं.

धाकटीने भाडं सांगितलं. थोरलीने आपल्या नोटा पाहिल्या. पाहायची गरज नव्हती.

"बुडाले," ती म्हणाली.

सगळ्यांचे हात थांबले. या घराने आईला बुडताना पाहिलं होतं, धाकटीला पाहिलं होतं, मास्तरला तर पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. थोरली बुडालेली कुणी पाहिली नव्हती. आणि तेव्हाच तिला आपला घोटाळा कळला. ती बाहेर गेली होती. आता आई केव्हाही बुडू दे, बाहेर गेलेल्याला कार्डं देता येत नाहीत. नियम तिचाच होता. काठावर यायच्या नादात ती काठावरून खाली पडली होती.

बाबा सवयीने म्हणाले, "बोला, काय मर्जी?" आणि आपण हे कुणाला विचारतोय ते लक्षात येऊन जरा चपापले.

सगळे तिच्याकडे बघत होते. तिने आजवर कधी कुणाला काही दिलंच नव्हतं, देण्याची वेळच आली नव्हती.

"मला दे ना, ताई," धाकटी लाडाने म्हणाली. "तुला मीच बुडवलंय, तेवढा माझा हक्क आहे."

धाकटीला? मेली तरी दिली नसती. मास्तरला? आईची कार्डं त्याला आधीच एकदा मिळाली होती. उरली आई. इतका साधा हिशेब होता तो, त्यात माया वगैरे शोधायला जाऊ नये. तिने कार्डं उचलली आणि आईपुढे ठेवली.

"मला?" आई म्हणाली.

"तुला."

आई नेहमी सगळ्यांच्या आधी बुडायची. त्यामुळे तिला कुणी कार्डं देण्याचा प्रसंग कधी आलाच नव्हता. तिने ती टेबलावर मांडली नाहीत. मांडीवर घेतली, एकेक करून सारखी केली, आणि तिचा चेहरा असा काही खुलला की थोरलीने नजर खाली वळवली. आपण हे का दिलं, ते आईला कळलं तर काय होईल, असं तिला वाटून गेलं.

डाव पुढे सुरू झाला. थोरली उठली नाही. हात टेबलावर ठेवून, बाहेरचा माणूस दुसऱ्यांचं चाललेलं बघत बसतो तशी बसून राहिली. आईला मिळालेल्या कार्डांचा आईने काहीच उपयोग केला नाही, ते ठरलेलंच होतं. तिने घरं बांधली नाहीत, भाडं मागितलं नाही, आणि मग तिचं बटण मास्तरच्या नारिंगी जागेवर जाऊन पडलं, त्याच जागेवर, जी थोरलीने त्याला मातीमोलाने विकली होती. मास्तरने तिच्यावर हॉटेल उभं केलं होतं.

"बुडाले बाई मी," आई म्हणाली.

"बोला, काय मर्जी?" बाबा म्हणाले.

धाकटीने आपली कार्डं जरा बाजूला सरकवली होती, नवी ठेवायला जागा व्हावी म्हणून. तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. इतकी वर्षं तसंच होत आलं होतं. आईने मांडीवरची सगळी कार्डं गोळा केली, आपली आणि थोरलीची मिळून, आणि ती खुर्चीवरून उठली. टेबलाला वळसा घालून थोरलीपाशी आली, आणि तिचा हात उलटा करून तळव्यावर कार्डं ठेवली.

"अगं आई, ती बाहेर आहे!" धाकटी म्हणाली.

"असू दे."

"असू दे काय? बाहेर गेलेल्याला देता येत नाही. बाबा, सांगा ना हिला. ताईचाच नियम आहे तो!"

बाबांनी नोटांची एक चळत उचलली आणि परत तिथेच ठेवली.

"मर्जी माझी," आई म्हणाली, आणि आपल्या जागी जाऊन बसली.

"पण का?" धाकटीचा आवाज चढला होता. "मी अजून खेळतेय. मास्तरांकडे बघा, किती जागा आहेत, मला किती गरज आहे! नेहमी मला देतेस ना तू? आजच काय झालं? मी काय केलं?" मास्तरने तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने झटकला. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मोठी दातांची डॉक्टर, आणि रडू फुटू नये म्हणून खालचा ओठ दाताखाली धरून बसली होती.

थोरली तो चेहरा बघत राहिली. त्याची तिला पूर्ण ओळख होती. आता धाकटीला छातीत कुठे दुखतंय, घशाशी काय आलंय, घरी गेल्यावर ती काय काय आठवून उजळणी करणार आहे, हे ती बोट ठेवून सांगू शकली असती. आणि त्यावरचं औषधही तिच्याकडे होतं. एकच वाक्य. आई ज्याच्याकडे काही उरत नाही त्याला देते गं, यात आवडीनिवडीचा काही संबंध नाही. एवढं म्हटलं असतं तर धाकटीचे कान तिथल्या तिथे निवले असते. तिला धाकटीची दया यायला हवी होती, आणि खरं सांगायचं तर थोडी आलीही. ते वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं.

पण ते वाक्य बोललं की हातातली ही कार्डंही तशीच होणार होती. हरलेल्याला मिळालेली. कुणालाही मिळाली असती अशी. तिने ती दोन्ही हातांत घट्ट धरली, तिला आता ज्यांचा काहीही उपयोग नव्हता ती सगळी, आणि धाकटीकडे बघून म्हणाली,

"टाक की फासे. तुझा डाव आहे."